चौकातला दोर

पुन्ता अरेनासमध्ये वारा पिसाळला की
नगरपालिकेची माणसं चौकात दोर बांधतात,
खांबापासून खांबापर्यंत, कमरेच्या उंचीवर.
काठी विसरलेल्या म्हाताऱ्या, टपालवाला,
टाय पाठीवर गेलेला बँकेचा कारकून,
सगळे धरून धरून पलीकडे जातात.
कुणी कुणाला म्हणत नाही,
जरा मनावर घेतलंस तर सरळ चालता येईल तुला.

छत्तीस वर्षं मी हे पाहतोय.
आणि छत्तीस वर्षं वर्गात
नेमकं तेच वाक्य म्हणत आलोय.

यान्का मान्सिया, सातवी ब.
तिसरा बाक, एक पाय कायम बाकाबाहेर,
जणू अर्धी मुलगी आधीच निघून गेली आहे.
अपूर्णांकांचा गृहपाठ तिने केला होता, खरंच केला होता;
तो फ्रीजमध्ये सापडला, लोण्याच्या डब्याखाली.
आई खेकड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला.
मला सांगताना ती हसली, आणि हसता हसताच
मनगटाने डोळे पुसले,
बोटांना समुद्राचा वास होता म्हणून.
'वारं प्यायलेलं वासरू,' शिक्षकांच्या खोलीत कुणीसं म्हणालं.
कॉफीचा कप हातात धरून मीही हसलो.

एप्रिलमध्ये डॉक्टरांचं पत्र आलं.
वर एडीएचडी, खाली दीड पान सूचना.
मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं
आणि विसरलो.
मला कुणी वर्गाबाहेर उभं केलं नाही.

चाचणीच्या दिवशी वारा असा, की गल्लीतले पत्रे बोलत होते.
यान्का चाळीस मिनिटं उशिरा.
केसांत कचरा, पाठीवर दप्तर नाही.
मी तोंड उघडलं, पण तीच आधी सुटली, धापा टाकत:
सर, चौकातल्या दोराला सत्तेचाळीस गाठी आहेत.
एका गाठीवर हात ठेवला ना, की फक्त पुढची गाठ असते.
चौक नसतोच मग.
घरी कसं, सगळंच एकदम ओरडतं, तसं नाही.
म्हणून मी परत गेले. मग परत.
दप्तर तिथेच असेल बहुतेक.

वर्ग खदखदला.
मला ओस्वाल्दो आठवला. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव.
भिंतीकडे तोंड, लालबुंद कान,
पाठीवर माझा आवाज.
आता पोर्वेनीरच्या बोटीवर साखळदंड ओढतो तो.
चांगला बाप्या झालाय. पण मी दिसलो
की अजून मान भिंतीकडे वळते.

संध्याकाळी सुतळीचं एक रीळ आणलं.
तिच्या बाकाच्या कडेला हातभर बांधली, पाच गाठी मारून.
प्रश्नपत्रिका कात्रीने कापली.
एका गाठीला दोन गणितं,
मग उठायचं, खिडकीशी जायचं,
सामुद्रधुनीतली जहाजं मोजायची आणि परत यायचं.
सोमवारी ती खिडकीतून परत आलीच नाही.
मंगळवारी आली.
गुरुवारी सुतळी सोडून बुटाची नाडी केलेली.
मी काही बोललो नाही. पुन्हा बांधली.
खरं सांगायचं तर बोललो, थोडंसं,
छत्तीस वर्षांची जीभ आहे.
मग 'चुकलो' म्हणालो.
तिने असं पाहिलं,
जसं काही बाकानेच माफी मागितली.

जूनमधल्या चाचणीत चार पूर्णांक एक. सातपैकी.
पास व्हायला चार लागतात.
तो कागद फ्रीजवर लावलाय, आईने निरोप धाडला,
या वेळी बाहेरून.

काल पुन्हा दोर बांधले.
शाळा सुटल्यावर मी मुद्दाम चौकातून निघालो,
टोपी खिशात, उजवा हात दोरावर,
एक, दोन, तीन.
तेविसाव्या गाठीपाशी मासळीवालीने हाक मारली
आणि आकडा निसटला.
मागे वळलो.
पहिल्या खांबाशी जाऊन
परत एकपासून सुरू केलं.